मदत हवी आहे: मानसिक आरोग्य सेवेत पहिल्या पायरीपासून काम शिकायचंय

अबोली_बार्शी

नमस्कार मंडळी,

धागा थोडा लांब होईल, सांभाळून घ्या.

मी बार्शीला असते. मानसशास्त्र घेऊन बी.ए. केलं. नंतर लग्न, लेक, सासऱ्यांचं आजारपण, यात पुढचं शिक्षण राहूनच गेलं. आता लेक पाचवीत आहे आणि दिवसाचे काही तास माझे मला मिळतात. माझ्या चुलत दिरांना स्किझोफ्रेनिया आहे. त्यांना सोलापूरला दाखवायला मीच नेते, गोळ्यांचंही मीच बघते. ओपीडीबाहेर नंबर लागेपर्यंत बराच वेळ बसावं लागतं. शेजारच्या बायका विचारत असतात, "गोळी आयुष्यभर घ्यायची का हो? तुम्ही बाहेरचं काही बघितलं का? लग्न करून दिलं तर सुधारेल का?" डॉक्टरांपुढे रांग असते, त्यांना एवढं बोलायला सवड नसते आणि या प्रश्नांची उत्तरं द्यायला दुसरं कोणीच नसतं. मला ते काम शिकायचंय. मोठी सायकॉलॉजिस्ट व्हायचा हट्ट नाही.

अडचण अशी की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. एका खाजगी संस्थेची जाहिरात बघून फोन केला होता. सहा महिन्यांचा ऑनलाइन डिप्लोमा, फी 45,000 रुपये आणि शेवटी 'सर्टिफाइड कौन्सेलर अँड सायकोथेरपिस्ट' असं प्रमाणपत्र. "मॅडम, लगेच स्वतःचं क्लिनिक टाकता येईल," म्हणाले. प्रत्यक्ष पेशंट बघायला मिळतील का विचारलं तर उत्तर आलं, "रोल प्ले असतात." मान्यता कोणाची, तर म्हणे आयएसओ. अजून पैसे भरलेले नाहीत, पण नोंदणीची मुदत संपतेय म्हणून रोज फोन येतोय.

म्हणून विचारते:

असला डिप्लोमा करावा का? नाहीतर बी.ए.वर या क्षेत्रात खरंच कोणती कामं मिळतात? दूरशिक्षणाने एम.ए. मानसशास्त्र करावं का? सोलापूरला रोज ये-जा करू शकते. पुण्याला काही आठवडे राहावं लागलं तरी घरचे तयार आहेत.

निळी_शाई

इग्नूचं एम.ए. मानसशास्त्र करून टाका. घरबसल्या होतं, फीही कमी. माझ्या मावसबहिणीने केलंय.

घाटमाथा

अबोलीताई, मी मनोविकार सामाजिक कार्यकर्ती आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात काम केलंय, आता एका रुग्णालयात आहे. सविस्तर लिहिते.

आधी निळी_शाई यांच्या सल्ल्याबद्दल. तुमच्या बहिणीची पदवी चांगलीच आहे, पण आता तो रस्ता बंद झालाय. 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्राचे नवे प्रवेश दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन द्यायला मनाई केली आहे. कारण 2021 चा सहयोगी आरोग्य व्यावसायिकांचा कायदा. त्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, मनोविकार सामाजिक कार्यकर्ते आणि मानसिक आरोग्य सहायक कार्यकर्ते हे सगळे येतात. म्हणजे तुम्ही ज्या पहिल्या पायरीबद्दल विचारताय, तिची कायद्यात दखल घेतली गेलीय. एम.ए. करायचंच असेल तर नियमित वर्गात बसून करा.

आता तो डिप्लोमा. पैसे भरू नका. आयएसओचा आणि पेशंटशी बोलायच्या पात्रतेचा काहीएक संबंध नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी होते ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोविकार सामाजिक कार्यकर्ता यांची. त्यातल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेलं शिक्षण लागतं. सहा महिन्यांत कोणी 'सायकोथेरपिस्ट' होत नाही. आणि क्लिनिक टाकल्यावर समोर बसलेला माणूस म्हणाला की मला जगायचं नाही, तर तुम्ही फोन कोणाला करणार? त्या संस्थेकडे याचं उत्तर नाही. माझ्या मते कुठल्याही प्रशिक्षणाला विचारायचा पहिला प्रश्न हाच: माझं काम रोज कोण बघणार आणि चुकले तर सांगणार कोण? आमच्यात याला सुपरव्हिजन म्हणतात. ते जिथे नाही तिथे शिकू नका आणि नोकरीही करू नका.

बी.ए.वर काय मिळतं? 'समुपदेशक' म्हणून निघणाऱ्या सरकारी पदांना बहुतेक वेळा एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा एम.ए. मागतात. मैत्री क्लिनिक (किशोरवयीन मुलामुलींसाठी उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत असतं ते), एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन करणारं आयसीटीसी केंद्र, टेलीमानस (मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा), सगळीकडे थोडाफार हाच प्रकार. जाहिरात नीट वाचा, कधीकधी पदवी आणि अनुभव चालतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानाची पदं 11 महिन्यांच्या करारावर असतात आणि मानधन एकत्रित असतं. पुढे नूतनीकरण होतं, पण कायम नोकरी समजून घर चालवायचा हिशेब करू नका.

बी.ए.वर आत शिरायला तीन दारं मला खरी वाटतात: व्यसनमुक्ती केंद्र, मनोरुग्णांचं पुनर्वसन केंद्र किंवा डे-केअर, आणि संस्थांचे वस्तीपातळीवरचे प्रकल्प. वर्षभर तिथे काम करा आणि मग एम.एस.डब्ल्यू.चा विचार करा. एम.एस.डब्ल्यू.मध्ये वर्गाइतकंच क्षेत्रकार्य असतं, हा त्याचा मोठा फायदा. टिसचं (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं) तुळजापूरचं केंद्र तुम्हाला फार लांब नाही. तिथला भर ग्रामीण विकासावर आहे, पण गावात जाऊन माणसांशी बोलायचं कसं हे तिथे पक्कं होतं.

पांढरा_एप्रन

घाटमाथा यांनी नीट लिहिलंय. मी प्रादेशिक मनोरुग्णालयात परिचारिका होते, आता निवृत्त. राज्यात अशी चार रुग्णालयं आहेत: ठाणे, पुण्यात येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. आमच्याकडे नवीन येणाऱ्या कक्षसेवकांना आणि प्रशिक्षणार्थींना जे शिकवायचो ते थोडं सांगते, म्हणजे काम कसं असतं याचा अंदाज येईल.

पहिली गोष्ट गोळ्यांची. गोळी दिली, पेशंटने पाणी प्यायलं, म्हणजे गोळी पोटात गेली असं नसतं. जिभेखाली, गालात, कधी हाताच्या मुठीत राहते. दरडावून "तोंड उघड" म्हटलं की दुसऱ्या दिवशी तो अजून हुशारीने लपवतो. त्यापेक्षा औषध देऊन लगेच पुढे जायचं नाही. दोन मिनिटं थांबायचं, सकाळी काय खाल्लं ते विचारायचं. बोलला की कळतंच. आणि गोळी का नको हेही विचारायचं. हात थरथरतात, जीभ जड होते, वजन वाढलंय, बायकांची पाळी थांबते, अशी खरी कारणं असतात. ती डॉक्टरांपर्यंत पोचवणं हे तुमचं काम.

दुसरी गोष्ट आवाजांची. पेशंट म्हणतो, भिंतीतून मला शिव्या देतात. "असं काही नाही" म्हणून वाद घालायचा नाही आणि "हो, मलाही येतोय आवाज" असंही म्हणायचं नाही. "मला ऐकू येत नाही, पण तुम्हाला येतोय आणि त्याचा त्रास होतोय हे दिसतंय मला," एवढं पुरतं. बसताना थोडं तिरकं बसा, अगदी समोरासमोर नको. दार त्याच्याही जवळ असावं आणि तुमच्याही.

तिसरी, नोंद. "पेशंट आक्रमक होता" असं लिहिलेलं मी परत पाठवायचे. किती वाजता, काय केलं, त्याआधी काय झालं होतं? "साडेचारला जेवणाचं ताट फेकलं, त्याआधी भावाचा फोन आला होता" अशी नोंद डॉक्टरांच्या कामाची.

आणि कायदा वाचा, मराठीत समजावून घ्या. साखळदंडाने बांधायला बंदी आहे, एकांतकोठडीत ठेवायला बंदी आहे, सक्तीने डोकं भादरायचं नाही. आवरून धरणं हे फक्त तातडीचा धोका टाळायला दुसरा उपायच नसेल तेव्हा, तेही मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरजेपुरतंच. ज्या केंद्रात हे पाळत नाहीत तिथे पगार कितीही देऊ देत, जाऊ नका ताई.

गणपती_पेठ

व्यसनमुक्तीच्या दाराबद्दल मी सांगू शकतो. मी स्वतः दारूतून बाहेर पडलोय आणि आता एका केंद्रात समुपदेशक आहे. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून चालू आहे. बरे झालेले पेशंटच पुढे कार्यकर्ते होतात ही पद्धत तिथे रुजलेली आहे, आणि इतर केंद्रांतल्या लोकांसाठी तिथे प्रशिक्षणंही होतात. साताऱ्याला परिवर्तन आहे. दोन्हीकडे फोन करून विचारा.

आमच्याकडे नवीन माणसाने पहिल्यांदा शिकायचं ते समुपदेशन नव्हेच. दारू अचानक बंद केल्यावर दोन-तीन दिवसांनी कोणाचे हात थरथरायला लागतात, घाम येतो, अंगावर किडे फिरतात म्हणून तो चादर झटकत बसतो, तारीख-वार चुकतो. नवीन कार्यकर्त्याला वाटतं की बडबडतोय, झोपेल. अशा वेळी तडक डॉक्टर लागतो, उशीर झाला तर जीव जाऊ शकतो. ज्या केंद्रात डॉक्टर आणि नर्सची सोय नाही ते केंद्र शिकायच्या कामाचं नाही.

दुसरं म्हणजे बायका. पेशंटच्या बायका. त्यांच्यासाठी वेगळा गट चालवणारी माणसं फार कमी आहेत. तुमच्यासारखीने घरात आजार सांभाळलाय, तुम्ही तिथे लवकर रुळाल असं मला मनापासून वाटतं.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितेय. इथे संगत संस्थेने एक गोष्ट करून दाखवली आहे, ती अबोलीताईंना धीर देणारी आहे. मानसशास्त्राचं शिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवून त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांचं समुपदेशन करवलं. सहा ते आठ भेटी, त्यात माणसाला पुन्हा हळूहळू कामाला लावायचं: सकाळी अंगण झाडणं, शेजारणीकडे जाणं, सुटलेलं भजन पुन्हा सुरू करणं. त्याचा रीतसर अभ्यास झाला, 2017 मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला, आणि नेहमीच्या उपचारांच्या जोडीला हे दिल्यावर रुग्णांना जास्त फायदा झाला असं दिसलं.

पण त्याचं कारण नीट बघा. आधी वर्गात प्रशिक्षण, मग कित्येक महिने इंटर्नशिप. आणि दर आठवड्याला सगळे समुपदेशक एकत्र बसून एकमेकांच्या भेटींचं रेकॉर्डिंग ऐकायचे आणि गुण द्यायचे. घाटमाथा म्हणतात ते सुपरव्हिजन हेच.

घरी बसून एक गोष्ट आत्ताच शिकता येईल. नैराश्यासाठी पीएचक्यू-नाइन नावाची नऊ प्रश्नांची यादी वापरतात, मराठीतही आहे. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. तो प्रश्न मोठ्याने, न अडखळता विचारायचा सराव करा. बहुतेक नवीन लोक तो गिळतात किंवा "तसलं काही मनात येत नाही ना?" असा विचारतात, मग समोरचा नाहीच म्हणणार. विचारल्याने मनात नसलेला विचार येतो ही भीती खोटी आहे. आणि उत्तर 'हो' आलं तर आपल्या वरच्या माणसाला लगेच कळवायचं, त्या व्यक्तीला एकटं सोडायचं नाही. टेलीमानसचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात.

अबोली_बार्शी

सगळ्यांचे मनापासून आभार. डिप्लोमावाल्यांना आजच नाही म्हणून सांगितलं.

दोन शंका आहेत. एक, दिरांच्या आजाराबद्दल मुलाखतीत सांगावं का? दोन, शिकण्यासाठी बिनपगारी काम करावं का, आणि किती दिवस?

घाटमाथा

सांगा, पण दिरांना विचारून सांगा आणि नाव-गाव न घेता. त्यांची माहिती त्यांची आहे. एक सावध करते: घरचा अनुभव हा तुमचा मोठा आधार आहे, पण प्रत्येक पेशंटमध्ये दीर दिसायला लागले तर सुपरवायझरशी बोला. होतं तसं सगळ्यांचं.

बिनपगारी काम दोन-तीन महिने ठीक, तेही लेखी ठरवून: आठवड्याचे दिवस, कोणाच्या हाताखाली, शेवटी अनुभवपत्र. त्या काळात गट कसा चालवतात, घरभेट कशी देतात, नोंदी कशा ठेवतात हे बघायला मिळालं पाहिजे. नुसती रजिस्टरं भरून घेत असतील तर निघा. प्रवासखर्च मागायला लाजू नका.

पांढरा_एप्रन

पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, काळजीवाहकांसाठी स्वमदत गट चालवते. ठाण्याला आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. कामासाठी नसलं तरी काळजीवाहक म्हणून एखाद्या गटात बसून या. गट चालवणारी व्यक्ती गप्प कधी राहते, ते बघा.

अबोली_बार्शी

ठरलं. पुढच्या आठवड्यात मुक्तांगणला आणि परिवर्तनला फोन करून प्रशिक्षणाच्या तारखा विचारते. दिरांच्या पुढच्या तपासणीला सोलापूरला जाईन तेव्हा तिथल्या सामाजिक कार्यकर्त्यांना भेटते. कायदा उतरवून घेतलाय, वाचायला सुरुवात केली. स्किझोफ्रेनियाच्या गटाबद्दल दिरांना विचारलं, तर म्हणाले, "मीपण येतो."

सोलापूर किंवा धाराशिव जिल्ह्यात डॉक्टर आणि नर्स असलेलं, शिकवायला तयार असलेलं व्यसनमुक्ती किंवा पुनर्वसन केंद्र कोणाला माहीत असेल तर कृपया व्यनि (खाजगी निरोप) करा. बसने जाऊन संध्याकाळी सातपर्यंत घरी परतता यावं, एवढीच अट.