बोत्स्वाना: माउन ते कासाने, स्वतः गाडी चालवत तंबूतली सफारी. डिझेल, वाळू आणि स्वयंपाकाचं गणित कसं मांडावं?

वाटाड्या_कोथरूड (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघं, म्हणजे दोन जोडपी, वयं ४० ते ५२. मार्ग असा ठरतोय: माउन, मोरेमी अभयारण्यात थर्ड ब्रिज कॅम्पला २ रात्री, ख्वाईला १, चोबे राष्ट्रीय उद्यानातल्या सावुतीला २, आणि मग कासाने. वाटाड्या किंवा स्वयंपाकी बरोबर नसेल. छतावर दोन तंबू असलेली डबल कॅब टोयोटा हायलक्स भाड्याने घेणार आहोत. दोघांना घाटात गाडी चालवायची पक्की सवय आहे, वाळूची अजिबात नाही. तिघं शाकाहारी.

विचारायचं ते हे. मे महिन्याची सुट्टी बरी की दिवाळीची? डिझेल किती न्यावं? वाळूत गाडी रुतली तर नेमकं काय करायचं? कुंपण नसलेल्या कॅम्पात सहा दिवस खाण्यापिण्याची सोय कशी लावायची? ज्यांना हा भाग नीट माहीत आहे त्यांनी आकड्यांसकट सांगितलं तर फार मदत होईल.

---

लो_गियर

आधी हंगाम, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशात पाणी येतं ते तिथल्या पावसाचं नव्हे. पाऊस पडतो अंगोलाच्या डोंगराळ भागात, आपल्या हिवाळ्यात. ते पाणी जवळजवळ सपाट जमिनीवरून इतकं सावकाश सरकतं की माउनच्या बाजूला पोचेपर्यंत जून-जुलै उजाडतो. म्हणजे आकाश कोरडं आणि ओढे भरलेले, असा काळ. जुलै-ऑगस्टची रजा जमत असेल तर तीच घ्या. रात्री पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो, दुपारी २५.

मे आणि दिवाळी एवढेच पर्याय असतील तर मी मे निवडेन. ऑक्टोबरात प्राणी पाण्याभोवती जमतात हे खरं, पण दुपारी पारा ४० ला टेकतो आणि तंबू संध्याकाळपर्यंत भट्टी झालेला असतो. दिवाळी नोव्हेंबरात गेली की पहिल्या पावसात सापडाल. ख्वाईहून सावुतीला जाताना माबाबेच्या खोलगट पट्ट्यात काळी माती लागते. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसात चाक कसं धरते ते माहीत असेल, तर तिथे काय होईल ते वेगळं सांगायला नको.

मेमध्ये वेगळा धोका आहे, गवताचा. ते बोनेटइतकं उंच असतं. त्याचं बी रेडिएटरच्या जाळीत बसतं आणि इंजिन तापतं. पुढच्या बाजूला बारीक जाळी बांधून घ्या. काटा वर चढताना दिसला तर थांबा आणि कॉम्प्रेसरची हवा इंजिनाच्या बाजूने पुढे मारा, म्हणजे बी आलं तसं बाहेर पडेल. त्याहून वाईट म्हणजे वाळलेलं गवत गाडीखालच्या संरक्षक पत्र्यावर आणि सायलेन्सरच्या नळीभोवती साठतं आणि पेटतं. त्या भागात गाड्या अशाच जळून खाक होतात. उंच गवतातून गेल्यावर तासाभराने थांबून खाली वाकून बघायचंच. तारेचा एक आकडा आणि ५ लिटर पाणी हाताशी ठेवा.

डिझेल: माउन सोडल्यावर थेट कासानेला. मध्ये पंप नाही. सरळ अंतर सुमारे ५०० किमी, त्यात रोजचं सकाळ-संध्याकाळ फिरणं मिळवा, ७०० धरा. त्यातले ३०० किमी तरी वाळूत, जिथे हायलक्स लिटरला ५-६ किमी देते, उरलेले ४०० कच्च्या-पक्क्या रस्त्यावर ८ च्या हिशेबाने. म्हणजे १०० ते ११० लिटर. वर २५ लिटर राखीव. मूळ टाकी साधारण ८० लिटरची असते, म्हणून जादा टाकी बसवलेलीच गाडी मागा. नसेल तर लोखंडी कॅन घ्या आणि ते छतावर न ठेवता मागे, तळाशी बांधा.

टायरमधली हवा हा या सहलीचा प्राण आहे. डांबरावर लादलेल्या गाडीला २.४ बार, खडीच्या रस्त्यावर १.८ ते २, खोल वाळूत १.२ ते १.४. हवा कमी केली की टायर लांबट पसरतो, वाळूवर तरंगतो. घाटातल्या चालकांची चूक हीच होते की हवा न काढता ताकदीने निघायला बघतात आणि क्लच जाळून बसतात. कमी हवेत ताशी ४० च्या वर जाऊ नका, आणि डांबर लागताच हवा भरा. मऊ टायर वेगात तापून फुटतो. हवा मोजायचं मीटर स्वतःचं न्या, भाड्याच्या गाडीतलं बहुतेकदा बिघडलेलं असतं.

---

रानातली_चूल

खाण्यापिण्याबद्दल.

पाणी: पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला ४ लिटर. चौघांना सहा दिवस म्हणजे जवळपास १०० लिटर. माउनच्या सुपरमार्केटातून ५ लिटरचे २० कॅन घ्या. गाडीला ४०-५० लिटरची टाकी असेल तर ती भांडी-आंघोळीसाठी. कॅम्पातल्या नळाचा भरवसा धरू नका, हत्ती पाण्याच्या वासाने पाइप उखडतात. सावुतीतल्या स्वच्छतागृहांभोवती त्यासाठीच जाड भिंत बांधलेली आहे. १०० लिटर म्हणजे १०० किलो. हे वजन मागच्या चाकांच्या पुढे, तळाला.

जिन्नस: तांदूळ, डाळी, कांदे, बटाटे, कोबी, अंडी माउनमध्ये मिळतात. घरून न्यायचं ते मसाले, पोहे, भाजणी, आणि ३ लिटरचा प्रेशर कुकर. कुकर फार उपयोगी पडतो. गॅस निम्मा लागतो, पाणी कमी लागतं, आणि मुख्य म्हणजे वेळ वाचतो. तिथे संध्याकाळी वेळच नसतो. जुलैत सूर्य सहाच्या आत मावळतो. ५ वाजता कुकर चढला पाहिजे, ७ पर्यंत जेवण होऊन शेवटचं भांडं गाडीत गेलं पाहिजे. पहिल्या दोन दिवसांसाठी दशम्या घेतल्यात तर पोचल्यापोचल्या कणीक मळावी लागणार नाही. घरचे जिन्नस सीलबंद न्या आणि सीमाशुल्काच्या फॉर्मवर लिहा. दुधाचे पदार्थ आणि बियाणं काढून घेतलं जाऊ शकतं.

संत्री, मोसंबी, लिंबू अजिबात नको. हत्तीला त्यांचा वास लांबून येतो आणि ते फळ मिळवायला तो गाडीचा पत्रा सोलू शकतो. पोह्यांवर लिंबू पिळायची सवय असते, तिथे आमसूल न्या.

फ्रिज ४० लिटरचा, दुसऱ्या बॅटरीवर चालतो. दिवसाला दोन तास गाडी चालली तर पुरेसा चार्ज होतो. एकाच कॅम्पात दिवसभर बसून राहिलात तर रात्री बंद पडतो. चौथ्या माणसासाठी मांस नेत असाल तर एक लक्षात ठेवा: लाळ्या-खुरकत रोगामुळे तिथे गुरांसाठी लांबच लांब कुंपणं आहेत आणि फाटकावर कच्चं मांस तपासतात. उत्तरेकडून दक्षिणेकडे ते नेता येत नाही. उरलेलं कासानेलाच शिजवून संपवा.

जळण गेटच्या आधी, गावातून विकत घ्या. उद्यानात गोळा करायचं नाही. मोपाने या तिथल्या झाडाचं लाकूड जड असतं, पण दोन ओंडके तासभर पुरतात.

---

वाटाड्या_कोथरूड

दोघांनाही मनापासून धन्यवाद! हवेचे आकडे छापून डॅशबोर्डवर चिकटवतो. आता दोन प्रश्न. नकाशात ख्वाई ते सावुती दोन रस्ते दिसतात, सँडरिज आणि मार्श. कोणता धरावा? आणि सगळ्यात मोठी धास्ती घरच्यांना आहे ती रात्री लघवीला उठण्याची. तंबू छतावर, स्वच्छतागृह शंभर पावलांवर, मध्ये कुंपण नाही.

---

मोपाने

रस्त्याचं आधी. नावातच उत्तर आहे. सँडरिज वाळूच्या उंचवट्यावरून जातो: दमवतो, हाडं खिळखिळी करतो, पण पावसातही सहसा जाऊ देतो. मार्श रस्ता काळ्या मातीतून जातो: कोरडा असताना प्राणी जास्त दिसतात, ओला झाला की गाडी तिथेच. अलीकडे पाऊस झाला आहे का ते ख्वाईच्या गेटवर विचारा. थोडीही शंका असेल तर सँडरिज. वेळ ५ ते ६ तास धरा, अंतर १२० किमीच्या आसपास असलं तरी. निघा पहाटे गेट उघडताच. थंड वाळू घट्ट असते, दुपारची सैल.

आता रात्र. तंबूतून उतरायचंच नाही, हा सोपा नियम. रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची बाटली पुरुषांसाठी. बायकांसाठी झाकणाची छोटी बादली शिडीजवळ, तंबूच्या आत. अगदीच उतरावं लागलं तर आधी वरूनच मोठ्या टॉर्चने चारही बाजू फिरवून बघा. डोळे चमकले तर पाच-दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा बघा. मगच, तेही गाडीच्या चाकालगत. शंभर पावलं चालत जाणं रात्री नाहीच. तंबूची झिप पूर्ण बंद, उकडलं तरी. हवा येण्यासाठी जाळीची खिडकी असते.

धोका सिंहापेक्षा तरसाचा आणि पाणघोड्याचा जास्त संभवतो. तरस बाहेर राहिलेली चप्पल, तेलकट कढई, कातडी पट्टा, काहीही उचलून नेतं आणि चावून टाकतं. म्हणून चपला गाडीच्या आत. कचऱ्याची पिशवीही आत. पाणघोडा रात्री चरायला बाहेर येतो. तो आणि पाणी यांच्या मध्ये उभं राहायचं नाही. थर्ड ब्रिजचं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पाय बुडवावासा वाटतो. त्यात मगरी आहेत, काठावर बसूसुद्धा नका.

दिवसा थर्ड ब्रिजला त्रास बबून माकडांचा. टेबलावर ब्रेड ठेवून मागे वळलात की गेला. तंबूत खाण्याचा कण नको, नाहीतर जाळी फाडून आत शिरतात. सकाळी फिरायला निघताना छताचा तंबू तसाही मिटावा लागतोच.

हत्ती कॅम्पात आला तर पळू नका, ओरडू नका. खुर्चीत असाल तर खुर्चीत, गाडीजवळ असाल तर सावकाश आत. गाडीतून जाताना नराची कानशिलं बघा. काळपट ओला ओघळ गालापर्यंत आलेला आणि मागच्या पायांच्या आतून लघवीचा पट्टा दिसला तर तो माजावर आहे. तिथेच थांबा, रिव्हर्स टाकून मागे सरका. रस्ता त्याचा आहे. पिल्लू आणि आई यांच्या मधून तर कधीच जायचं नाही, भले मागे अर्धा किमी जावं लागो.

---

लो_गियर

रुतल्यावर काय, ते राहिलं होतं. पाण्याचंही सांगतो.

खोल वाळू दिसली की आधीच फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) लावा, रुतल्यावर नव्हे. एकसारखा वेग, स्टिअरिंग सैल धरा, अंगठे स्टिअरिंगच्या आत नकोत. चाक जागच्या जागी फिरतंय असं जाणवलं त्याच क्षणी पाय काढा. आणखी दहा सेकंद रेस केलीत तर गाडी पोटावर बसते आणि पाच मिनिटांचं काम दोन तासांचं होतं.

मग असं करा. काचेतून सगळीकडे बघून उतरा, एकाने फक्त आजूबाजूच्या झुडपांवर नजर ठेवायची. हवा १ बारपर्यंत काढा, ०.८ च्या खाली नको, टायर रिमवरून निसटतो. चारही चाकांपुढची आणि मागची वाळू फावड्याने उतरती करा, पोटाखालची ओढून काढा. लो गियर (फोर बाय फोरचा संथ, जास्त ताकदीचा टप्पा), मागचा डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप), आणि गाडी शक्यतो मागे, स्वतःच्या चाकोरीतूनच. ती वाळू दाबलेली असते. नाही जमलं तर चाकांखाली पकड देणाऱ्या कडक पट्ट्या टाका. हाय-लिफ्ट जॅक शेवटचा उपाय: वाळूत खाली रुंद फळी हवीच, आणि हँडलच्या रेषेत हनुवटी आणू नका. सुटलं तर जबडा फोडतं. गाडी सुटली की डिफ लॉक लगेच काढा, नाहीतर ती वळणार नाही.

पाणी: इतरत्र आधी चालत जाऊन खोली बघतात, इथे मगरींमुळे ते करायचं नाही. ताज्या चाकोऱ्या बघा, कॅम्पच्या कार्यालयात त्या दिवसाची खोली विचारा, दुसरी गाडी जाऊ द्या. चाकाच्या मध्याच्या वर पाणी दिसलं तर वळसा. जाताना लो मध्ये पहिला-दुसरा, मध्येच क्लच दाबायचा नाही. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा चावी फिरवू नका, सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. भाड्याच्या विम्यात पाण्याने झालेलं नुकसान, जळालेला क्लच आणि गाडीचा तळ सहसा धरत नाहीत. करार घेताना हीच तीन कलमं शोधून वाचा.

---

पिवळं_कार्ड

कागदपत्रांचं थोडक्यात.

बोत्स्वानात गाडी आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो एक वर्ष चालतो, मूळ परवानाही बरोबर हवा. दोघांच्याही नावाने काढा, एकाच चालकावर सहा दिवस नको.

कॅम्पचं आरक्षण आणि उद्यानाचं प्रवेशशुल्क वेगवेगळं. कॅम्प वेगवेगळ्या खाजगी संस्था चालवतात. आरक्षणाची छापील प्रत गेटवर लागते, मोबाइलला रेंज नसते. जुलै-ऑगस्ट हवा असेल तर आधी कॅम्प, मग गाडी, मग विमान या क्रमाने ठरवा.

तिकीट आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल तर पीतज्वराची लस घ्या. लसीचं पिवळं कार्ड लस घेतल्यापासून १० दिवसांनी वैध होतं. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर ७ दिवस, डॉक्सिसायक्लिन ४ आठवडे चालू ठेवावी लागते. लोक घरी आल्यावर सोडतात आणि नेमके तेव्हा आजारी पडतात. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना आफ्रिकेचं आधी सांगा, नाहीतर डेंग्यू समजून दिवस जातात.

आणि एक कळकळीची गोष्ट. तिथे रेंज नसल्याने उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र बरोबर हवंच. पण गार्मिन इनरीचसारखं यंत्र किंवा उपग्रह फोन विकत घेऊन भारतातून नेऊ-आणू नका. परवान्याशिवाय ते बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, विमानतळावर अटक होते. गाडी देणाऱ्यांकडूनच भाड्याने मागा, आणि गाडी ताब्यात घेताना त्यांच्यासमोर एक संदेश पाठवून बघा.