मदत हवी आहे: गोल कुणीही मारला तरी पोटात गोळा (फँटसी फुटबॉल)

मंडळी, हा धागा क्रीडा विभागात काढावा की आरोग्य विभागात, ते कळेना. संपादकांनी योग्य वाटेल तिथे हलवावा.

मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेत वाढलेला. फुटबॉल आमच्याकडे वेगळा शिकावा लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असं काही असलं की गल्लीत शुकशुकाट. तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या क्लबच्या, मॅचला तुमची बाजू जन्मापासून ठरलेली. हरलो तर दोन दिवस दुसऱ्या पेठेतून जायचं नाही, जिंकलो तर वाट वाकडी करून तिकडूनच जायचं. जीव वर-खाली होतो, पण चारचौघांबरोबर होतो आणि उतरतोही. फँटसीचं तसं नाही.

माहीत नसणाऱ्यांसाठी: फोनवरच्या ॲपमध्ये एका खऱ्या मॅचच्या दोन्ही संघांतून मिळून अकरा खेळाडू निवडायचे, प्रत्येकाची किंमत ठरलेली, बजेट १०० क्रेडिटचं. कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. गोल, असिस्ट, अडवलेले फटके, सगळ्याला गुण. पिवळ्या कार्डाला वजाबाकी. मॅच संपली की हिशोब संपला, उद्या नवी मॅच, नवा संघ. मोठ्या स्पर्धेत लाखोंनी संघ असायचे आणि बक्षिसाची मलई वरच्या मूठभरांना मिळायची.

चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांच्या, मॅच थंडीत आपल्याकडे रात्री दीडला सुरू होतात. मी गोकुळ शिरगावला कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे, सकाळी सातची शिफ्ट. तरी जागतो. धडधड मॅचआधीच सुरू होते, कारण कोण खेळणार ती यादी तासभर आधी लागते. ज्याला कर्णधार करायचं आठवडाभर घोकलं तो नेमका बाकावर! मग पळापळ, याला काढ, त्याला घाल, तेवढ्यात बजेट अर्ध्या क्रेडिटने पुढे जातं.

मॅच सुरू झाली की वेगळीच तऱ्हा. तासाभराने माझा रँक लाखांतून शेकड्यांत आलेला असतो. घशाला कोरड, पण जागेवरून उठलो तर काहीतरी होईल म्हणून उठत नाही. गोलकीपर आणि दोन डिफेंडर एकाच टीमचे, समोरच्यांचा गोल नाही, म्हणजे क्लीन शीटचे गुण तिघांनाही. आणि मॅच संपता संपता, इंज्युरी टाइममध्ये एक कॉर्नर, एक हेडर. तिघांचे गुण एका झटक्यात साफ. रँक आला तिथे परत. पहाटे साडेतीनला अंधारात फोन धरून बसायचं. मग झोप येत नाही ती येतच नाही.

जिंकल्यावर तर त्याहून बेकार. कारखान्यात जॉब लावताना हसू आवरत नाही, चहा सगळ्यांना माझ्याकडून, आणि फुटबॉलमधलं सगळं फक्त आपल्यालाच कळतं अशी हवा डोक्यात. संध्याकाळी दुप्पट संघ उतरवतो. बायको म्हणते, हरल्यावर तुम्ही गप्प असता ते परवडलं.

एक प्रसंग सांगतो म्हणजे दुखणं नेमकं कुठे आहे ते कळेल. १८ डिसेंबर २०२२, वर्ल्डकप फायनल. चौकात पडदा, अख्खी गल्ली अर्जेंटिनाची, मीही निळीपांढरी जर्सी चढवून. पण फँटसीत कर्णधार केलेला समोरच्या फ्रान्सचा एम्बापे. अर्जेंटिना २-० पुढे. ८० व्या मिनिटाला एम्बापेची पेनल्टी आणि पुढच्याच मिनिटाला दुसरा गोल. शेजारच्या काकांनी डोकं धरलं, पोरं सुन्न, आणि मला आतून उकळ्या फुटताहेत! चेहरा पाडून उभा होतो आणि खिशातल्या खिशात फोन घट्ट धरलेला. पुढे ३-३ झालं, पेनल्टी शूटआउटमध्ये अर्जेंटिना ४-२ ने जिंकली, गुलाल उडाला. मी नाचलो, पण नाचता नाचता हिशोब चालूच होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैसे लावून खेळायच्या स्पर्धा बंद झाल्या. घरी आनंदीआनंद. माझा हात त्याआधीच आखडला होता, जिंकलेल्यातून ३० टक्के टीडीएस आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी म्हटल्यावर हातात राहणार काय? आता फुकटच्या स्पर्धा खेळतो. एक रुपया लागत नाही, तरी धडधड तेवढीच, जागरण तेवढंच. म्हणजे दुखणं पैशाचं नव्हतं की काय?

परवा मुलगी मांडीवर येऊन बसली. "बाबा, आज आपली टीम कुठली?" माझ्याकडे एका टीमचा गोलकीपर आणि दुसरीचा स्ट्रायकर. काय सांगणार?

तर जाणकारांनी सांगावं: खेळ चालू ठेवून ही धडधड कमी करणं कुणाला जमलंय का? कसं? शिवाय गल्लीतल्या एकाने टेलिग्रामवर लिंक पाठवलीय, परदेशी ॲप, यूपीआयने पैसे भरायचे. मी उघडलेली नाही. कुणाला अनुभव?

"सोडून दे" हा सल्ला कृपया नको, तो घरी मिळतो.

पेठेतला_बेंचवरचा:
भावा, आधी ती लिंक उडव. नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण पैशाचा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून तर ते बाहेर बसून धंदा करतात. उद्या पैसे अडकले तर कुणाच्या दारात जाणार? कुणी आधीच भरले असतील आणि फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

गणिताचा_तास:
फुटबॉलमध्ये मुळात गोल दोन-तीन. एका हेडरवर सगळं फिरतं आणि कर्णधाराचे दुप्पट गुण ते अजून फिरवतात. त्यामुळे एका रात्रीच्या रँकवरून तुम्हाला खेळ कळतो की नाही हे ठरतच नाही. ना जिंकल्यावर, ना हरल्यावर.

लाखांतून शेकड्यांत येऊन घसरलात, ते हरणंच. पण मेंदू त्याची नोंद "थोडक्यात हुकलं" अशी करतो आणि पुन्हा बसावंसं वाटतं. जुगाराच्या मशीनवर झालेल्या अभ्यासांतही हेच दिसलंय. वर काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलंय की मिळाल्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावल्याचं दुःख जास्त असतं. शेकड्यांतला रँक तुम्ही मनात आपला धरला होता, म्हणून तो गेला. रुपया असो नसो.

मी एवढंच करतो: संघ लावताना कर्णधार का केला ते वहीत एका ओळीत लिहितो आणि गुण सकाळी बघतो. कारण बरोबर होतं का, तेवढंच तपासायचं.

फोडणीची_पोळी:
"हरल्यावर गप्प असता ते परवडलं", वहिनींना माझा नमस्कार सांगा. आमच्याकडेही हाच अवतार आहे, फक्त क्रिकेटचा.

गंमत बाजूला. झोप उडत असेल आणि तुम्ही मशीनवर काम करत असाल तर हे हसण्यावारी नेऊ नका, पहाटे चारला झोपून सातला सीएनसीवर उभं राहणं मला तरी भीतिदायक वाटतं. १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. वेडाबिडा कुणी ठरवत नाही.

रंकाळा_पार्टी:
अर्जेंटिनाची जर्सी आणि कर्णधार एम्बापे? मर्दा, हे इथं बोललास ते बोललास, चौकात बोलू नकोस!

माझा नियम ऐक. ज्या टीमचा मी आहे, तिच्या मॅचला फँटसी लावायचीच नाही. बाकीच्या मॅचना खुशाल लाव. निदान एक मॅच तरी माणसासारखी बघायला मिळते. आणि सीझन सुरू झाला की पोरीला शाहू स्टेडियमवर घेऊन जा की, तिथं कसली आलीय फँटसी.

धागाकर्ता:
सर्वांचे आभार. लिंक उडवली. फोडणीची_पोळी, शिफ्टचा मुद्दा बरोबर आहे, आठवड्यातल्या मध्यरात्रीच्या मॅच तूर्त बंद, फक्त शनिवार-रविवारच्या संध्याकाळच्या. नंबर सेव्ह केलाय.

रंकाळा_पार्टी, नियम पटला, पण माझी टीम कुठली हेच आता ठरवावं लागेल, इतकी वर्षं सगळ्यांचेच गोल मोजलेत. मुलीला लाल रंग आवडतो, त्यामुळे लाल जर्सीवाल्या लिव्हरपूलचं पारडं जड आहे.

गणिताचा_तास, वहीचं जमेल. गुण सकाळी बघायचं अवघड वाटतंय, कारण मॅच फोनवरच बघतो आणि वरून नोटिफिकेशन टपकत राहतात. ती बंद केली तरी मॅचमध्येच ॲप उघडायला बोट जातं. मॅच होईपर्यंत तेवढं एक ॲप कुलूपबंद करायची सोय अँड्रॉइडवर आहे का? कुणी वापरत असेल तर सेटिंग कुठे आहे तेवढं सांगा, शनिवारच्या आत.