हरीण-डुकराला साधी सॉफ्ट पॉइंट पुरते, महागड्या गोळ्या कशाला?

टेक्सासकर: नोव्हेंबरात इकडे डिअर सीझन उघडला की नवे लोक दुकानातून बॉन्डेड (आतलं शिसं कवचाला पक्कं जोडलेली) नाहीतर अख्ख्या तांब्याची गोळी घेऊन येतात, पैसे मोजून मोजून दमतात आणि मारायचं काय, तर शंभर यार्डावरचं व्हाइटटेल हरीण. अरे, रेमिंग्टनची कोर-लोक्ट ही साधी सॉफ्ट पॉइंट 1939 पासून हेच काम करतेय. टोकाला शिसं उघडं, बाकी तांब्याचं कवच, आत घुसलं की टोक चेपून फुलतं. .308 रायफलमधून 150 ग्रेन वजनाची गोळी, बार फुफ्फुसात बसला की हरीण फार लांब जात नाही. अजून काय पाहिजे?

सुळेवाला: हरणापुरतं मान्य दादा, डुकराचं बोला. मोठ्या नराच्या खांद्यावर कातड्याखाली चिवट जाड थर असतो, शील्ड म्हणतात, सोलताना सुरी बोथट होते. जवळून .300 विन मॅग या वेगवान मॅग्नम काडतुसाची साधी सॉफ्ट पॉइंट तिथे आदळली की कवच एकीकडे शिसं एकीकडे, आत खोल जातच नाही. नॉस्लरची पार्टिशन, म्हणजे आत आडवी भिंत असलेली गोळी, 1948 मध्ये आली ती याचसाठी, मूस या थोराड हरणावर गोळ्या फुटत होत्या म्हणून. आणि पलीकडून गोळी बाहेर नाही पडली तर चरबीनं भोक बुजतं, रक्ताचा माग मिळत नाही, मग बसा मेस्किटच्या काट्यात रात्रभर बॅटरी मारत.

टेक्सासकर: उदाहरण मॅग्नमचं देणार आणि नाव सॉफ्ट पॉइंटचं खराब करणार! कमी वेगाच्या .30-30 मधून 170 ग्रेन मारून बघा, त्या वेगाला ती सहसा फुटत नाही. खरी गोची नेमाची आहे. डुकराचं काळीज हरणापेक्षा खाली आणि पुढे असतं, पार पुढच्या पायाच्या रेषेत. लोक हरणासारखं खांद्यामागे धरतात, बार जातो पोटाकडे आणि शिव्या गोळीला.

बे_एरिया_ताई: आमच्याकडे प्रश्नच मिटला, कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीला शिशाची गोळी बंद. टाकून दिलेली आतडी खाऊन कॉन्डॉर गिधाडं मरत होती. तुम्ही फुलतं म्हणून कौतुक करताय ते शिसं बारीक कण होऊन मटणात पसरतं, जखमेपासून वीतभर लांबसुद्धा, एक्स-रेत ठिपके दिसतात. पोरांना खायला घालता ना तेच?

टेक्सासकर: जखमेभोवतीचं मांस मी सढळ हातानं कापून टाकतो. आणि ताई, तांब्याची गोळी लांबवर वेग पडला की उघडतच नाही, पेन्सिलीएवढं भोक पाडून निघून जाते, त्याचं काय?

पुण्यातून_बघतोय: इकडे 1972 च्या कायद्यानं शिकार बंद, त्यामुळे नुसतंच वाचतोय. पण अशीच फुलणारी गोळी इंग्रजांनी कलकत्त्याजवळ डमडमला बनवली, 1899 ला हेगमध्ये युद्धात वापरायला बंदी आली. माणसाला क्रूर आणि हरणाला चालते?

सुळेवाला: उलटंय साहेब. न फुलणारी मिलिटरी गोळी आरपार जाते, जनावर तसंच पळतं आणि कुठेतरी झाडीत तासन् तास तडफडतं. म्हणून अमेरिकेत बऱ्याच राज्यांत हरणाला तीच मना आहे. बाकी दादा, नेमाचं पटलं, पण रात्री थर्मल दुर्बिणीत अख्खा कळप उधळलेला असताना पायाची रेषा बघत कोण बसतो? डुकराला मी बॉन्डेडच भरणार, हरणाला तुमची कोर-लोक्ट.