भारतीय हॉकीचा हॉल ऑफ फेम निघाला तर विसरलेल्यांत पहिलं नाव कुणाचं? (माझं मत: शंकर लक्ष्मण)

गोलपोस्टमागे:
समजा उद्या कुणी भारतीय हॉकीचा हॉल ऑफ फेम काढला तर ध्यानचंद, बलबीरसिंग सीनियर आणि धनराज पिल्ले डोळे झाकून आत जाणार, त्यावर वाद घालण्यात काही मजा नाही. म्हणून या धाग्यावर हे तिघं बाद. ज्यांचं नाव घेतलं की समोरचा "कोण?" म्हणतो त्यांच्याबद्दलच बोलायचं.

माझं पहिलं नाव शंकर लक्ष्मण. महूचा माणूस, लष्करात मराठा लाइट इन्फंट्रीत होता, गोलकीपर. मेलबर्न १९५६, रोम १९६०, टोकियो १९६४, सलग तीन ऑलिंपिक फायनल, तिन्ही पाकिस्तानशी, आणि निकाल बघा: १-०, ०-१, १-०. म्हणजे तीन फायनल मिळून याला एकदाच चकवता आलं. मेलबर्नला तर आपण अख्ख्या स्पर्धेत ३८ गोल मारले आणि खाल्ला एकही नाही. ५६ ला फायनलचा गोल रणधीरसिंग जेंटलचा, ६४ ला मोहिंदर लालचा, ही नावं निदान स्कोअरशीटवर राहिली, पण समोरून येणारं सगळं अडवून तो एकुलता एक गोल पुरेसा ठरवणारा जो होता त्याचं काय? आणि तेव्हा हेल्मेट वगैरे काही नाही हां, पायाला पॅड बांधायचे आणि पेनल्टी कॉर्नरला उघड्या तोंडाने उभं राहायचं. १९६६ च्या एशियन गेम्सला हाच कॅप्टन आणि आपलं सुवर्ण.

बोला आता.

आकडेबहाद्दर:
खेळाबद्दल वाद नाही पण "विसरलेला" कसा म्हणता हो? ६४ ला अर्जुन मिळाला, ६७ ला पद्मश्री मिळाली. सरकारने दोनदा पाठ थोपटली. रस्त्यावरच्या माणसाला माहीत नाही हाच निकष लावायचा तर ध्यानचंद सोडून अख्खी भारतीय हॉकीच विसरलेली आहे, मग यादी करायचीच कशाला.

खरा विसरलेला म्हणजे ज्याच्या वेळी हे पुरस्कारच नव्हते तो. अर्जुन पुरस्कार १९६१ ला सुरू झाले, त्याआधी खेळून मोकळे झालेल्यांनी करायचं काय? माझं मत रूपसिंग. ध्यानचंदचा धाकटा भाऊ, लेफ्ट इन (डावीकडचा फॉरवर्ड). १९३२ लॉस एंजलिसला ध्यानचंदचे १२ गोल आणि याचे १३! अमेरिकेला आपण २४-१ हरवलं त्यातले १० एकट्या रूपसिंगचे. मोठ्या भावापेक्षा जास्त गोल मारून जन्मभर "ध्यानचंदचा भाऊ" म्हणूनच राहिला बिचारा.

आणि कहर म्हणजे सचिनने २०१० मध्ये पुरुषांच्या वनडेतले पहिले २०० जिथे मारले ते ग्वाल्हेरचं कॅप्टन रूपसिंग स्टेडियम! ती इनिंग पाठ असणारे लाखो लोक सापडतील, त्यातल्या किती जणांनी विचारलं की हा रूपसिंग कोण, कुठल्या काळात क्रिकेट खेळायचा? (क्रिकेटरच वाटतो बहुतेकांना, पैज लावा.)

डावी_बगल:
@आकडेबहाद्दर त्या १३ गोलांचं कौतुक जरा जपून. लॉस एंजलिसला हॉकीत संघच तीन होते. भारत, जपान, अमेरिका. अमेरिका दोन्ही सामने हरली तरी ब्राँझ घेऊन गेली कारण चौथा कुणी नव्हताच. असल्या स्पर्धेत १० गोल म्हणजे... असो. रूपसिंग मोठा होताच, ३६ ला बर्लिनच्या फायनलमध्ये जर्मनीला त्यांच्याच घरात ८-१ हरवणाऱ्या संघात तो होता, मग ते सांगा ना, अमेरिकेचे गोल काय मोजता.

शिवाय लंडन ऑलिंपिकच्या वेळी २०१२ ला तिथल्या ट्यूबचा (भुयारी रेल्वेचा) एक खास नकाशा काढला होता, स्टेशनांना ऑलिंपिकवीरांची नावं दिलेला. त्यात तीन भारतीय हॉकीपटू होते: ध्यानचंद, रूपसिंग, लेस्ली क्लॉडियस. लंडनवाल्यांना आठवला म्हणजे तुमच्याच निकषाने रूपसिंगही बाद.

आकडेबहाद्दर:
लंडनला आठवला आणि आपल्याला नाही, हे माझ्या बाजूने झालं की तुमच्या? 😄

खडकीकर:
धनराजला बाद केलंच कसं?? आमच्या खडकीचा पोरगा, चार ऑलिंपिक, चार वर्ल्ड कप, ज्या काळात संघाला पदक मिळायची मारामार होती त्या काळात एकट्याने स्टेडियम भरवायचा. त्याच्या वाट्याला जे आलं ते...

गोलपोस्टमागे:
@खडकीकर भाऊ, खेलरत्न मिळालेल्या माणसाला विसरलेला म्हणायचं? पहिली ओळ परत वाचा.

खडकीकर:
बरं राहिलं. मग ९८ चा संघच घ्या. बँकॉक एशियन गेम्स, फायनलला कोरिया, १-१, टायब्रेकरवर आपण जिंकलो, ३२ वर्षांनी सुवर्ण. टायब्रेकरला गोलमध्ये कोण होतं? आशिष बल्लाळ. आणि परत आल्यावर पुढच्याच मालिकेत धनराज, बल्लाळसकट कितीतरी सीनियर बाहेर, कोच कौशिकलाही नारळ. सुवर्ण आणणाऱ्याला हार घालून लगेच घरी बसवणारे आपणच. @गोलपोस्टमागे तुमचा मुद्दा गोलकीपरचाच आहे ना, मग ६६ नंतर थेट ९८, दोन सुवर्णं, एकदा कॅप्टन गोलकीपर आणि एकदा गोलकीपरने काढलेली मॅच. मी बल्लाळला मत देतो.

डावी_बगल:
बल्लाळ आवडता आहे पण एका रात्रीवर हॉल ऑफ फेम नको. मग १९७५ च्या वर्ल्ड कपमधल्या अस्लम शेर खानलाही घ्या, क्वालालंपूरला सेमीफायनलला मलेशियाविरुद्ध बेंचवरून उठून आला आणि पेनल्टी कॉर्नरवर बरोबरीचा गोल मारला, तो नसता तर आपला एकमेव वर्ल्ड कप नसता. क्षण मोठा, कारकीर्द तेवढी मोठी नाही. हॉल ऑफ फेम क्षणांसाठी की कारकिर्दीसाठी हे आधी ठरवा.

कारकीर्द म्हणत असाल तर माझं नाव उधमसिंग. तीन सुवर्ण, एक रौप्य, हॉकीत क्लॉडियसइतकीच ऑलिंपिक पदकं. ५२, ५६, ६०, ६४. मेलबर्नला एकट्याचे १५ गोल. आणि नाव सर्च केलं की सगळे रिझल्ट क्रांतिकारक उधमसिंगांचे येतात, ते योग्यच आहे म्हणा, पण आमचा माणूस दुसऱ्या पानावर.

आकडेबहाद्दर:
वा! माझ्या १३ गोलांना तीन संघांची स्पर्धा म्हणून हसलात आणि तुमचे १५? मेलबर्नला अफगाणिस्तान १४-०, अमेरिका १६-०. तिथेच ३० गोल झाले आपले. जर्मनी आणि पाकिस्तानविरुद्ध १-०, १-० वर आलो की नाही?

गोलपोस्टमागे:
थांबा थांबा, हेच तर मी म्हणतोय. दुबळ्या संघांवर गोल कुणीही मारेल, खरी परीक्षा त्या शेवटच्या दोन सामन्यांत झाली आणि तिथे फॉरवर्ड लाइनने एकेकच गोल दिला. दोन्ही वेळा मॅच मागच्यांनी राखली. तुम्हा दोघांचे आकडे फिरून माझ्याच दारात येतात.

हाफबॅक_ताई:
एवढी चर्चा झाली, १९३२ पासून ९८ पर्यंत फिरून आलात, आणि एकाही बाईचं नाव नाही. मला आश्चर्य वाटलं नाही ते सोडा.

१९८२ दिल्ली एशियन गेम्स. कुणालाही विचारा, काय आठवतं? पाकिस्तानने ७-१ ने धुतलं. गोलकीपर मीररंजन नेगीवर काय काय आरोप झाले, बिचाऱ्याचं आयुष्य बदललं, चाळीस वर्षं तेच चघळतोय आपण. त्याच गेम्समध्ये महिला हॉकी पहिल्यांदाच आली होती आणि आपल्या मुलींनी सुवर्ण जिंकलं. हे कुणाला आठवतं? कॅप्टन कोण? एलायझा नेल्सन, आपल्या पुण्याची! धाग्यावर खडकीकर आहेत, त्यांनाही धनराजच आठवला. ८० ला मॉस्कोला महिला हॉकी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा खेळली गेली, आपण चौथ्या आलो, त्या संघातही ती होती.

आणि त्याआधीच्या ब्रिटो बहिणी? एल्वेरा, रीटा, मे. साठच्या दशकात म्हैसूरने ओळीने नॅशनल जिंकल्या त्या या तिघींच्या जोरावर. एल्वेराला ६५ ला अर्जुन मिळाला. तिला ऑलिंपिक खेळायला मिळालंच नाही कारण तेव्हा महिला हॉकी ऑलिंपिकमध्ये नव्हतीच. तुम्ही सगळे पदकं मोजताय, जिच्यासाठी स्पर्धाच नव्हती तिची पदकं कुठून आणायची?

खडकीकर:
ताई माफी. एलायझा नेल्सन खरंच डोक्यातून गेली होती. +१.

आकडेबहाद्दर:
ताई मुद्दा पटला पण परत तेच, एलायझा नेल्सनला अर्जुन आहे, पद्मश्रीही आहे. मी शंकर लक्ष्मणला जो नियम लावला तोच इथे लावणार, नाहीतर म्हणाल हा पक्षपाती.

हाफबॅक_ताई:
मग नियमच चुकीचा आहे दादा. पद्मश्रीचं पत्र कपाटात असतं. दहा पोरींना स्टिक हातात धरावीशी वाटते ती नाव ऐकून. आज राणी, सविता ही नावं घरोघरी आहेत म्हणून खेळायला मुली येतायत, पण त्यांच्या आधी कोण होतं हे त्या मुलींनाही सांगत नाही कुणी.

डावी_बगल:
मी मघाशी क्षण की कारकीर्द विचारलं त्याला कुणी उत्तरच दिलं नाही. आणि त्यात जयपालसिंग मुंडांचं काय करायचं तेही सांगा. १९२८ चे कॅप्टन, आपलं पहिलं सुवर्ण, पण फायनलच्या आधीच संघ सोडून गेले. पुढे संविधान सभेत आदिवासींचा आवाज. त्यांना खेळाडू म्हणून घ्यायचं की नुसतं कॅप्टन म्हणून? त्याच संघातला गोलकीपर रिचर्ड ॲलन तर सगळ्यांनीच सोडला. ॲम्स्टरडॅमला स्पर्धेत २९ गोल मारले आणि खाल्ले शून्य, आणि ॲलनने तीन ऑलिंपिक मिळून फक्त दोन गोल खाल्ले. त्यातला एक अमेरिकेच्या २४-१ मधला, तेव्हा म्हणे तो गोल सोडून प्रेक्षकांना सह्या देत होता, खरंखोटं देव जाणे.

गोलपोस्टमागे:
ॲलन कसा सुटला माझ्याकडून, गोलकीपर असून! पण तुलनेला लक्ष्मणच वर. ॲलनसमोरची हॉकी एकतर्फी होती, लक्ष्मणसमोर पाकिस्तान होता, एका चुकीत फायनल गेली अशी परिस्थिती. रोमला गेलीच ना.

क्षण की कारकीर्द, तर कारकीर्द. त्या हिशोबाने माझी पाच नावं: शंकर लक्ष्मण, रूपसिंग (हो, आकडेबहाद्दर जिंकले, १३ गोलांमुळे नाही, बर्लिनमुळे), उधमसिंग, एल्वेरा ब्रिटो, एलायझा नेल्सन. बल्लाळ सहावा. खडकीकर आता शिव्या घालणार.

खडकीकर:
घालणारच. सहावा म्हणजे बेंचवर. त्याला परत बेंचवर बसवलंत.

आकडेबहाद्दर:
पद्मश्रीवाले दोन आत आणि ॲलन बाहेर? ही यादी मला मान्य नाही, नवीन धागा काढतो.