डिग्री अप्रेंटिसशिप घ्यावी की सरळ युनिव्हर्सिटी? मुलीसाठी सल्ला हवाय (इंग्लंड)

नमस्कार मंडळी, आम्ही इंग्लंडमध्ये असतो. थोरली लेक यंदा ए लेव्हल्स (इकडची बारावीसारखी परीक्षा) देतेय आणि तिच्या हातात दोन ऑफर आहेत, एक युनिव्हर्सिटीची कम्प्युटर सायन्सला आणि दुसरी एका कंपनीची डिग्री अप्रेंटिसशिप. कंपनीला शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय, म्हणून घाईघाईने लिहितेय.

खरं सांगते, अप्रेंटिस म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आधी आयटीआय आणि वर्कशॉपच आलं. लेकीनेच समोर बसवून समजावलं की हे इकडे २०१५ पासून चालू आहे, पहिल्या दिवसापासून पगारी नोकरी, अभ्यासाला कामाच्या वेळातूनच वेळ काढून देतात आणि शेवटी पूर्ण बीएस्सी मिळते, लेव्हल ६, म्हणजे बाकीच्यांची असते त्याच दर्जाची. कोर्स डिजिटल अँड टेक्नॉलॉजी सोल्यूशन्सचा, त्यात तिने सॉफ्टवेअर इंजिनिअर निवडलंय (सायबर सिक्युरिटी, डेटा अ‍ॅनालिस्ट असेही रस्ते आहेत त्यात). फी आपण भरायचीच नाही, कंपनी आणि सरकार मिळून भरतात. युनिव्हर्सिटीत २०२५-२६ ची फी वर्षाला ९,५३५ पौंड होती, राहण्याखाण्याचं वेगळं, आणि ते स्टुडंट लोन ४० वर्षांपर्यंत पगारातून कापत राहतात.

सासरे स्वतः 'कमवा आणि शिका'मध्ये शिकलेले, त्यांना फोनवर सांगितलं तर इतके खुश झाले की विचारू नका. नवरा मात्र अडून बसलाय. आणि त्याचं अगदीच चूक आहे असंही मला वाटत नाही हो, तो म्हणतो अठराव्या वर्षी ऑफिसात बसवलं की मित्रमैत्रिणी, लांब सुट्ट्या, चार गोष्टी उगाच करून बघणं, हे सगळं गेलंच, आणि त्यात कंपनीच्या कामापुरतं शिकली आणि अल्गोरिदम्स, ऑपरेटिंग सिस्टिम्सचा पाया कच्चा राहिला तर पुढे नोकरी बदलताना अडेल.

मला वेगळीच धास्ती आहे. मध्येच कंपनीने माणसं कमी केली आणि हिची नोकरी गेली तर अर्ध्या डिग्रीचं काय होतं? कोणावर अशी वेळ आली होती का, दुसरी कंपनी मिळवून तीच डिग्री पुढे चालू ठेवता आली का?

आणि ज्यांची मुलं यातून गेलीत किंवा जे स्वतः गेलेत त्यांनी प्लीज हेही सांगा की असाइनमेंटसाठीचा वेळ मॅनेजर खरंच देतात का, की प्रोजेक्टची डेडलाइन आली की पोरं रात्री जागून लिहितात? कंपनीला सही करण्याआधी हे नेमकं कसं विचारावं, म्हणजे उद्धट वाटणार नाही? लेक म्हणते मी निभावेन. ती निभावेल याची मला खात्री आहे, पण निभावताना झिजू नये एवढंच वाटतं.