प्रतिसाद: सिंहगडावरून दिसलेला 'थांबलेला' दिवा

रात्री अकराला सिंहगडावरून लोहगावच्या बाजूला दहा मिनिटं एका जागी दिसलेल्या दिव्याचा लष्करी तपास कसा होईल, असं वर विचारलंय. सुरुवात कंटाळवाणीच: अचूक वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची. हात सरळ ताणून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश. तारा-ग्रह तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे दहा मिनिटांत अडीच अंश. खांब किंवा झाडाच्या आधाराशिवाय हे कळत नाही, आणि इथेच बहुतेक साक्षी फसतात.

शुक्र म्हणाल तर नाही. तो सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे जात नाही, रात्री अकराला मावळलेला असतो. गुरू चालेल. लडाखमध्ये लष्कराने नोंदवलेले दिवे २०१३मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी शुक्र आणि गुरूच ठरवले होते.

लोहगाव हवाई दलाचा तळ, शिवाय नागरी उड्डाणंही तिथूनच. समोरून येणाऱ्या विमानाचा लँडिंग लाइट काही मिनिटं हलतच नाही! मोबाईलच्या झूममधली 'तबकडी' मात्र पुरावा नव्हे, फोकस सुटला की कुठलाही दिवा गोल होतो.