मदत हवी आहे : ए. एन. हॉर्नबी आणि ब्लॅकबर्नची गिरणी

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्याचा हौशी क्रिकेटपटू ए. एन. हॉर्नबी (१८४७-१९२५) याच्यावर दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय. १८८२च्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या ओव्हल कसोटीत इंग्लंडचा कप्तान तोच. ८५ धावा हव्या होत्या, ७७ वर सगळे बाद, आणि तिथूनच ॲशेसची कहाणी सुरू झाली. १८७९मध्ये सिडनीत प्रेक्षक मैदानात घुसले, कुणीतरी इंग्लंडचा तेव्हाचा कप्तान लॉर्ड हॅरिस याला काठी मारली, तेव्हा त्या माणसाची मानगूट धरून हॉर्नबीने त्याला पॅव्हेलियनपर्यंत ओढत नेलं. झटापटीत स्वतःचा शर्ट फाटला, पण पकड सोडली नाही. मला हा माणूस फार आवडतो.

क्रिकेटबद्दल भरपूर मिळालं. अडलंय ते धंद्यापाशी. ब्लॅकबर्नमधल्या ब्रुकहाउस कापड गिरण्या घरच्याच. तो स्वतः तिथे काही कारभार बघत होता, की घरच्या पैशावर निर्धास्त खेळत होता? दुसरं, अमेरिकन यादवीत (१८६१-६५) तिकडचा कापूस अडला म्हणून मुंबईहून लँकेशायरला कापूस जाई, तो या गिरण्यांतही पोचला का?

मँचेस्टर-प्रेस्टन भागात कुणी राहतं का? प्रेस्टनच्या अभिलेखागारात गिरणीच्या वह्या किंवा पत्रव्यवहार आहे का, एवढं विचारलंत तरी मोठी मदत होईल. झेरॉक्सचा खर्च मी देईन.